शुक्रवारचा सूर, रविवारचा ताल

माझा तरुणपणचा एक फोटो आहे. त्यात मी काळा गॉगल लावून, गळ्यात सॅक्सोफोन अडकवून, अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आभाळाकडे बघत उभी आहे. मागे दोरीवर सासूबाईंचं लुगडं वाळतंय. नात विचारते, आजी, तू कुणाकडे बघत होतीस? खरं सांगायचं तर कुणाकडेच नाही. फोटोवाला म्हणाला होता, कलाकारासारखं बघा. कलाकार कुठे बघतात हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून वर बघितलं. वर पाण्याची टाकी होती.

फोटो माझ्या कॅसेटच्या कव्हरसाठी काढलेला. कॅसेटचा अजून एक सूरही भरलेला नव्हता आणि कव्हर तयार. फोटोतली ती बाई काय चीज होती ते यावरून ओळखा. तिशी ओलांडलेली, पदरात एक मूल, एमआयडीसीत नोकरी, आणि डोक्यात असं पक्कं बसलेलं की हिंदुस्थानात आजवर कुणी वाजवलं नाही ते आपण वाजवणार. जॅझचा सॅक्सोफोन आणि त्याच्या खाली मशीनचे आवाज. इलेक्ट्रॉनिक. हा शब्द मी तेव्हा दिवसातून इतक्यांदा उच्चारायचे की सासूबाईंनाही पाठ झाला होता. शेजारणीला त्या सांगायच्या, आमच्या सूनबाईंचं सध्या इलेक्ट्रॉनिक चालू आहे. एखादं दुखणं सांगावं तसं.

सॅक्सोफोन माझा नव्हता, बाबांचा होता. बाबा उल्हासनगरात, चार नंबर कॅम्पात, लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. लग्नसराईत सिंध्यांच्या वराती, आमच्या समाजाची लग्नं, एप्रिलात जयंतीची मिरवणूक, आणि उरलेल्या दिवसांत एका कारखान्यात रखवाली. माझ्या दोन्ही भावांना त्यांनी आधी शिकवून पाहिलं. एकाचे ओठ सुजायचे, दुसऱ्याला लाज वाटायची. मग माझ्या हातात दिला. आजी म्हणायची, बाईने फुंकायची ती चूल. बाबा म्हणाले, तीही फुंकेल, हाही फुंकेल, दम तिचाच आहे ना.

पुढे नोटेशन शिकायला म्हणून बाबांनी मला कल्याणच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गोवेकर मास्तरांकडे पाठवलं. मास्तरांनी नोटेशन कमी शिकवलं आणि रेकॉर्डी जास्त ऐकवल्या. त्या रेकॉर्डींवर सॅक्सोफोन असा वाजायचा की चाल कुठे गेली ते कळू नये, आणि तरी ती हरवलेली नाही हेही कळावं. मी खुळी होऊन घरी आले आणि बाबांना जॅझ म्हणजे काय ते समजवायला बसले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे वरातीत घोडा अडला की आम्ही वाजवतो तेच ना?"

त्यांचंही बरोबर होतं. घोडा अडतो, नाहीतर नवऱ्याचा मामा रुसतो, वरात जागची हलत नाही आणि गाणं तर संपत आलेलं असतं. मग बँडवाले त्याच चालीला फांद्या फोडत, वळसे घालत, घोडा हलेपर्यंत वेळ काढतात. मला मात्र भयंकर राग आला. एवढ्या परदेशी विद्येचा बाबांनी घोडा करून टाकला. नंतर मी जॅझवरचं बरंच काही वाचलं. त्या घोड्याइतकी सोपी व्याख्या अजून सापडलेली नाही, हे बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

असो. कॅसेटचं जमून आलं ते भावजींमुळे. भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे शाळेतले मित्र, बदलापूरला राहायचे, बँकेत होते. कीबोर्ड चांगला वाजवायचे आणि आपण तो फार चांगला वाजवतो असं समजायचे, म्हणजे आमची जोडी बरोबर जमली. त्यांचा मेहुणा कुवेतला. त्याने एक भला मोठा कीबोर्ड पाठवला होता, ताल धरणारी एक पेटी पाठवली होती, आणि सगळ्यांत नवलाचं म्हणजे एक रेकॉर्डिंगचं मशीन. साध्या कॅसेटवर त्यात एकावर एक चार थर भरता यायचे. आधी भावजींनी ताल आणि कीबोर्ड भरून ठेवायचा, मग मी तो हेडफोनमधून ऐकत त्यावर सॅक्सोफोन भरायचा. दोघांनी एका वेळी हजर असायची गरजच नाही. हा मशीनचा मोठेपणा आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मशीन परदेशी, कमी व्होल्टेजवर चालणारं, म्हणून त्याला उल्हासनगरात बनलेला एक काळा ट्रान्सफॉर्मर जोडलेला. तो गुरगुरायचा, त्याच्यावर भावजींच्या बायकोने क्रोशाचा रुमाल टाकला होता.

कॅसेट काढणार होते उल्हासनगरचे एक शेठ. कॅम्पात त्यांचं कॅसेटचं दुकान, वरच्या मजल्यावर कॉप्या काढायची मशीनं. बाबांच्या बँडची आणि त्यांची जुनी ओळख. मी त्यांना इलेक्ट्रॉनिक जॅझ समजावून सांगितलं. घोड्याचा उल्लेख टाळला. शेठ म्हणाले, साईं, मुझे जॅझ-वॅझ नहीं समझता, पण तुमच्या बाबांची मुलगी आहे म्हणून काढतो. दोन अटी. दोन्ही बाजू भरून आणायच्या, आणि सुरात आणायच्या.

सुरात आणा, हे मला सांगताहेत! मी गॉगल सावरला आणि हसले.

आता वाराचं सांगते. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी नको म्हणून ही वाटणी, तशी ती अजूनही आहे. त्यामुळे माझी सुट्टी शुक्रवारची. भावजी बँकेतले, त्यांची रविवारची. शिवाय रविवारी सॅक्सोफोन बाबांबरोबर लग्नाला जायचा. मग ठरलं असं की भावजी रविवारी आपला थर भरणार, मी शुक्रवारी अंबरनाथहून बदलापूरला जाऊन माझा भरणार. शुक्रवारी भावजी बँकेत, घरी त्यांची बायको. ती दार उघडायची, चहा ठेवायची, आणि भावजींचा निरोप सांगायची.

पहिल्या शुक्रवारी हेडफोन कानाला लावला. आधी भावजींचा आवाज, एक दोन तीन चार. मग ताल, मग कीबोर्ड. भावजींचा आवाज चिरका, बायकी, एखाद्या तुडतुड्या पोराचा. मला हसू आलं. माईक स्वस्तातला असणार, म्हटलं. मग मी सॅक्सोफोन लावला तर सूर मिळेना. माझा उतरलेला, कीबोर्ड चढलेला. फार नाही, एखाद्या बोटाइतका, पण दातात सुपारीचा कण अडकावा तसा. सॅक्सोफोनचा सूर चढवायला मुखवटा, म्हणजे तोंडात धरायचा तो काळा भाग, आत सरकवतात. मी सरकवला. अजून सरकवला. सॅक्सोफोनच्या मानेवरचं बूच कुरकुरायला लागलं. तरी पुरेना. आणि ताल असा पळत होता की मला श्वास घ्यायला फट सापडेना.

तरी मी वाजवलं. घाम पुसत घरी आले.

पुढच्या शुक्रवारी भावजींच्या बायकोने चहाबरोबर निरोप दिला, "हे म्हणत होते, वहिनींना सर्दी झालीय का? फार जड-जड, नाकातून वाजल्यासारखं येतंय. आणि सूर उतरतोय म्हणाले."

मी म्हटलं, त्यांना सांगा, सर्दी मला नाही, त्यांनाच काहीतरी झालंय, आवाज बघा आपला, बारा वर्षांच्या पोरासारखा येतो. तिने तो निरोप पोचवला. आपल्याकडचं थोडं तिखट घालूनच पोचवला असणार, कारण पुढच्या वेळी तिकडून आलं की, वहिनींना सांग, लग्नाच्या बँडची सवय लागली की कानाचं असंच होतं.

हे मला लागलं. बँडचं नाव काढलं म्हणून. मी बँडपासून चार हात लांब दिसावं म्हणून तर गॉगल लावला होता.

मग सुरू झाले ते महिने. आज आठवलं तरी त्या बाईच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. आपला सूर उतरतो हे तिने इतकं मनावर घेतलं की दही बंद, चिंच बंद, केळं बंद. कुणीतरी सांगितलं म्हणून पहाटे उठून गरम पाण्याच्या गुळण्या. कुणीतरी सांगितलं म्हणून गच्चीवर प्राणायाम. सॅक्सोफोनच्या तोंडातली वेताची पट्टी, रीड म्हणतात तिला, ती मी तासली, घासली, एकदा तर दुधात भिजवली. बाबांनी ती वरातीत तोंडाला लावली आणि म्हणाले, ही नासलीय. आमचे हे शांत माणूस. एकदाच म्हणाले, तू आणि तो एकदा एकत्र बसून बघा ना. मी म्हटलं, तुम्हाला मल्टीट्रॅक कळत नाही. ते पुन्हा पेपरात गेले.

आणि चाली मात्र चांगल्या होत होत्या हो. एकीला मी 'बारवी' नाव दिलं होतं. आपण ज्या धरणाचं पाणी पितो त्याच्यावर एक चाल असावी, असा माझा विचार. भावजींनी कीबोर्डातून पाण्याचा आवाज काढला होता, आधी थेंब, मग दरवाजा उघडावा तसा लोंढा, आणि त्या लोंढ्यावर मी लांब, सरळ सूर धरायचा. सासूबाईंनी ऐकून विचारलं, भजी कोण तळतंय? दुसऱ्या चालीत कारखान्याचा भोंगा होता. भोंगा कीबोर्डचा आणि त्याला उत्तर सॅक्सोफोनचं, आधी भांडल्यासारखं, मग हळूहळू दोघांचं एकच होत जाणारं. ते एक व्हायच्या जागीच नेमका सूर फाटायचा. तीच जागा मी किती शुक्रवार पुन्हा पुन्हा भरली. वाजवून झालं की ऐकायची, पुसायची, पुन्हा भरायची. भावजींची बायको दारात उभी राहून म्हणायची, मला तर बाई छानच वाटतंय. तेवढ्यासाठी मला तिचा राग यायचा.

तयार झालेला तुकडा शेठना ऐकवला. शेठनी मान कलती केली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "भाभी, बाजा बैठ गया है." मी म्हटलं, हा प्रयोग आहे. ते म्हणाले, प्रयोग अच्छा है, पण बाजा बसलाय.

तेवढ्यात भावजींची बदली झाली. विदर्भातल्या कुठल्याशा शाखेत, आणि लगेच हजर व्हायचं. मशीन, कीबोर्ड, पेटी, सगळं त्यांच्याबरोबर जाणार. म्हणजे ते जायच्या आत कॅसेट झाली तर झाली. नाहीतर गॉगलवाला फोटो सासूबाईंच्या लुगड्यासकट ट्रंकेत.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा वाढदिवस आला. रविवारी. सुपरवायझरला पोटात दुखतंय सांगून मी कारखान्याला दांडी मारली आणि बदलापूरला गेले. इतक्या महिन्यांत त्या घरात मी रविवारी पहिल्यांदा पाऊल ठेवत होते. पाहुणे जमलेले, केक कापून झालेला, आणि भावजींना आपली कला दाखवायची हुक्की आली. त्यांनी मशीन लावलं. स्पीकरमधून आवाज आला, एक दोन तीन चार.

भावजींचाच आवाज. जाडा, घोगरा, जसा आहे तसा.

चिवड्याची बशी माझ्या हातातच राहिली. मी म्हटलं, भावजी, पुन्हा लावा. त्यांनी पुन्हा लावलं. तोच जाडा आवाज. आणि मग त्याच्यामागे माझा सॅक्सोफोन आला, तो खरंच सर्दी झालेल्या म्हशीसारखा. मी वर बघितलं. या वेळी कलाकारासारखं नाही. वर पंखा होता आणि त्याची पाती वेगवेगळी दिसत होती. कोपऱ्यातला बल्ब काकडीच्या फोडीसारखा फिका. रविवार होता. अख्खी एमआयडीसी चालू होती आणि सगळी वीज तिकडे गेली होती. शुक्रवारी आमच्या घरचा पंखा असा फिरतो की माझ्या सासूबाई आमटीवर झाकण ठेवतात.

रविवारी वीज कमी, मशीन हळू, भावजी हळू मशीनवर वाजवणार. शुक्रवारी वीज पुरती, तेच मशीन जोरात, भावजींचा कीबोर्ड चढणार, ताल पळणार, आवाज चिरकणार. आणि मी बिचारी त्याच्यामागे मुखवटा ढकलत, गुळण्या करत, दही सोडून.

आता ऐका, यातली खरी गंमत. मी कारखान्यात काय करत होते, ते मी अजून सांगितलेलं नाही. मी कॉइल गुंडाळत होते. कसल्या? व्होल्टेज स्टॅबिलायझरच्या. वीज कमीजास्त झाली की मशीनचा कसा सत्यानाश होतो हे ज्या कागदावर छापून आम्ही प्रत्येक खोक्यात घालायचो, तो कागद मी हजार वेळा घडी करून घातला होता. आणि शुक्रवारचा पंखा तर आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत. पण जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणाच्या लक्षात येत नाही. मीही काही वेगळी नव्हते, गॉगल लावला म्हणून.

भावजी म्हणाले, "वहिनी, म्हणजे एवढे दिवस मी तुम्हाला उगाच..." मी म्हटलं, मीही तुम्हाला उगाच. त्यांची बायको म्हणाली, बघा, मला छानच वाटत होतं.

उपाय सोपा वाटला. आमच्याच कारखान्यातला एक स्टॅबिलायझर आणून लावला. तर तो वीज सावरायचा खरा, पण मध्येच खट् करून. प्रत्येक खट्बरोबर मशीन एकदम उडी मारायचं आणि 'बारवी'चं पाणी डोंगर चढायचं. मग एकच मार्ग उरला, दोघांनी एकाच दिवशी, एकाच विजेवर सगळं नव्याने भरायचं. पुसून पहिल्यापासून. भावजींनी बँकेतून रजा काढली, निघायच्या आदल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाचा ट्रक. दिवस शुक्रवार. बाबांना म्हटलं, या शुक्रवारी कुणाची वरात असली तरी सॅक्सोफोन माझा. त्यांनी आदल्या रात्रीच आणून दिला, रीड दुधात घालू नको एवढं सांगून.

सकाळी लवकर पोचले. घरात खोकी बांधलेली, मशीन जमिनीवर, भावजी तयार, मी तयार. बटण दाबलं. काही नाही.

वीज गेली होती. खाली येऊन विचारलं तर कळलं, आज दुरुस्तीचं काम आहे, दिवसभर बंद. कारखाने शुक्रवारी बंद असतात, मग लाइनमन खांबावर कधी चढणार? शुक्रवारीच. हेही सगळ्यांना माहीत होतं. एरवी माझ्या शुक्रवारी कधी असं झालं नव्हतं. त्या दिवशीच झालं.

तो दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका. भावजींच्या घराच्या जिन्यात बसून होते. खाली दूरच्या खांबावर दोन माणसं, मध्येच ती उतरायची, बिडी ओढायची, पुन्हा चढायची. मला वाटायचं, जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवावं. भावजींची बायको भांडी कागदात गुंडाळत होती. भावजी कीबोर्डवर बिनआवाजाची बोटं फिरवत होते. मी कितीदा तरी सॅक्सोफोन उचलला आणि ठेवला. एकटीने वाजवायचं म्हटलं तर वाजवता आलं असतं, पण कशासाठी?

ऊन उतरल्यावर दिवा लागला. आम्ही दोघं असे धावलो की चहाचे कप लाथेने उडाले. त्या दिवशी सूर मिळाला. भोंगा आणि सॅक्सोफोन एक व्हायची ती जागा पहिल्या फटक्यात आली. मुखवटा निम्मा बाहेर, श्वासाला फट, सगळं जिथल्या तिथे. 'बारवी'चा शेवटचा सूर धरला तेव्हा भावजींनी डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते, मला ते बघायचं होतं. पण एकच बाजू झाली. मग मशीन खोक्यात बांधायला माणसं आली, शेजारी निरोप द्यायला आले, कुणी फणसाच्या गऱ्यांची पिशवी आणली, कुणाचं पोर कीबोर्डवर बसलं. दुसरी बाजू राहिली ती राहिलीच.

शेठ म्हणाले, अच्छा है, सूर में है. दुसरी बाजू? मी म्हटलं, एवढीच. ते म्हणाले, भाभी, अर्धी कॅसेट कोण घेणार? साडी घेताना अर्धी घेता का? त्यांच्याकडे फिल्मी गाण्यांच्या चाली तयार होत्या, कुणा मुंबईवाल्याने वाजवलेल्या. त्या मागच्या बाजूला घालू, म्हणाले. मी नाही म्हटलं आणि तणतणत घरी आले. माझ्या प्रयोगाच्या पाठीवर फिल्मी चाली! असे कितीतरी आठवडे मी तणतणत होते. कुणी विचारलं, कॅसेट कधी येतेय, की जेवण जायचं नाही.

शेवटी एका शुक्रवारी मी उल्हासनगरला माहेरी गेले तेव्हा बाबा दारात सॅक्सोफोन पुसत बसले होते. म्हणाले, "दुसऱ्या बाजूला आमचं घाल."

मी मनातल्या मनात फार बोलले. जॅझ, इलेक्ट्रॉनिक, आणि पाठीमागे वरात. मास्तरांना काय वाटेल. तो गॉगल काय म्हणेल. बाबा रीड लावून बघत होते. फुंकताना ओठाला आधार देणारे त्यांचे खालचे दोन दात तेव्हा हलायला लागले होते, आणखी दोन लग्नसराया वाजवतील की नाही हे त्यांना कळत होतं, मलाही. मी शेठना जाऊन सांगितलं.

शेठच्या वरच्या मजल्यावर एका दुपारी बाबांचा अख्खा बँड चढला. एक माईक. थर नाही, हेडफोन नाही, पुसणं नाही. खाली जनरेटर चालू. बाबांनी आधी हळदीची चाल वाजवली, मग जयंतीच्या मिरवणुकीची, मग ती पुंगीची, जिच्यावर लोक रस्त्यात लोळतात. मध्ये ड्रमवाल्याची काठी हातातून निसटली तर बाबांनी काठी उचलेपर्यंत चाल फिरवत ठेवली. ते सगळं तसंच्या तसं कॅसेटवर आलं. चहा थंड व्हायच्या आत दुसरी बाजू भरून झाली. शेठनी मान कलती केली नाही, ते खुर्चीतून उठून नाचले.

कॅसेट आली. कव्हरवर मी, गॉगल, आभाळ. लुगडं कापलं होतं, पण एक काठ राहिलाच. माझं नाव मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात, मागील बाजू : लग्नाचा बँड. बाबांनी घरी दोन्ही बाजू ऐकल्या. आपली ऐकताना त्यांनी मांडीवर बोटं वाजवली. माझी ऐकताना ती स्थिर होती. मी वाट बघत बसले. बाजू संपल्यावर म्हणाले, "तुझं ऐकायला माणसाला बसावं लागतं. आमचं उभ्याने ऐकतात." यात कौतुक होतं की काय होतं, मी विचारलं नाही.

आणि कॅसेट खपली. कॅम्पात, विठ्ठलवाडीत, पार चामटोलीपर्यंतच्या हळदींत वाजली. शेठनी पुन्हा पुन्हा कॉप्या काढल्या. माझ्या कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, तुझी कॅसेट काय मस्त आहे गं, त्यावर आमचा दीर नाचला. मला कळायचं, कुठली बाजू ते. 'बारवी'वर कोणाचा दीर नाचणार?

एकदा शहाड स्टेशनला उतरून शेअर रिक्षात बसले. नव्वद साल उलटून गेलं होतं. रिक्षावाला तरुण, आरशाला कापडी गुलाब, आणि टेपवर बाबांची पुंगी. शेजारची बाई मांडीवरच्या पोराला त्यावर नाचवत होती. पुंगी संपली, बाजू संपली. आता उलटेल, म्हटलं. त्याने कॅसेट काढली, उलटली नाही, तीच बाजू मागे फिरवायला लागला.

मी म्हटलं, दुसरी बाजू लाव ना.

त्याने आरशातून बघितलं. "वो साइड खराब है, भाभी. त्यात मशीनचा आवाज येतो."

मीच ती, हे ओठांवर आलं होतं. पण गॉगल नव्हता, हातात कोथिंबिरीची जुडी होती. म्हटलं, खराब आहे तर खराब, लाव.

त्याने लावली. एक थेंब. दुसरा थेंब. रिक्षावाल्याने टेपवर दोन थपडा मारल्या. थेंब वाढले. त्याने कॅसेट बाहेर काढून तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा घातली. मग लोंढा आला आणि लोंढ्यावर माझा सूर, लांब, सरळ, शुक्रवारचा. शेजारची बाई म्हणाली, भैया, इसमें पानी गया है. तो म्हणाला, बोला ना मैंने. पोर मात्र थांबलं होतं, स्पीकरकडे बघत, तोंड उघडं. की झोप आली होती त्याला, कोण जाणे.

माझा स्टॉप आला. मी उतरले नाही. पुढच्या स्टॉपलाही नाही. 'बारवी' संपल्यावर त्याने आरशातून विचारलं, आता लावू ती बाजू?

लाव, म्हटलं.